ऑपरेशननंतरचा तोल आणि पाण्यावरची फळी

यावेळी चार पत्रं घेतलीयेत. चारही ऑपरेशननंतर तोल परत मिळवण्याबद्दल आहेत आणि चारहींमध्ये कुठे ना कुठे समुद्र किंवा खाडी आहे. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, कारण त्यातले मुद्दे बाकीच्यांनाही लागतील.

प्रश्न : मी ४४ वर्षांची, पुण्यात शाळेत शिकवते. सात महिन्यांपूर्वी माझ्या डाव्या बाजूच्या अकूस्टिक न्यूरोमाचं, म्हणजे कानाच्या नसेवरच्या गाठीचं, ऑपरेशन झालं. डाव्या कानानं आता काहीच ऐकू येत नाही, ते आधीच सांगितलेलं होतं त्यामुळे मनाची तयारी होती, पण तोलाचं एवढं होईल असं वाटलं नव्हतं. घरात नीट चालते, पण मंडईत गेले की किंवा रात्री लाइट गेली की झोकांडी जाते. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता पटकन मुलांकडे वळलं की सगळा वर्ग हलल्यासारखा दिसतो. माझी बहीण गोव्यात राहते, ती पॅडलबोर्डिंग करते, म्हणजे पाण्यावर फळीवर उभं राहून वल्हवते, आणि म्हणते तू इकडे ये, यानं तोल सुधारेल. मला पोहता येतं. पण आमचे मिस्टर म्हणतात की जमिनीवर धड उभं राहता येत नाही आणि पाण्यावर कुठे उभी राहायला निघालीस. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, बहिणीचं ऐका, पण लगेच नाही. आणि मिस्टरांची काळजी खरी आहे फक्त ती चुकीच्या जागी आहे. त्यांना वाटतंय तुम्ही बोर्डवरून पडाल, तर पडालच, सगळेच पडतात, त्यानं काही होत नाही. धोका पडल्यानंतरच्या दोन-चार सेकंदांचा आहे. त्याकडे येते, पण आधी तुमच्या डोक्यात आत्ता काय चाललंय ते सांगते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

ही गाठ कॅन्सरची नसते, हळूहळू वाढते, पण ती वाढते ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर. गाठ काढताना त्या बाजूची तोलाची नस बहुतेक वेळा जातेच. आता आपले दोन्ही कान तोलाच्या बाबतीत तराजूच्या दोन पारड्यांसारखे असतात, डोकं स्थिर असताना दोघांकडून मेंदूला सारखेच सिग्नल जात असतात, उजवीकडे मान वळवली की उजव्याचे वाढतात आणि डाव्याचे कमी होतात, त्या फरकावरून मेंदूला कळतं आपण वळलो. तुमचा डावा कान एका दिवसात बंद झाला, मग उजव्याचे सिग्नल तेवढे चालू राहिले आणि मेंदूला वाटत राहिलं की आपण सतत उजवीकडे फिरतोय. म्हणून ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस तुम्हाला भयंकर गरगरलं असणार, उलट्या झाल्या असणार. मग मेंदूनं काही आठवड्यांत हिशोब जुळवून घेतला, आणि म्हणून आता शांत बसलं की काही होत नाही. पण पटकन हलल्यावरचा हिशोब अजून जुळलेला नाही. वर्गात हलतं ते त्यामुळे. मान झटकन वळली की डोळ्यांनी तेवढंच उलट्या दिशेला सरकायला हवं म्हणजे चित्र स्थिर दिसतं, तुमचे डोळे तिथे थोडे मागे पडतायत, आणि तुम्ही नीट लक्ष दिलंत तर हे डावीकडे वळताना जास्त होतं असं दिसेल.

आता मंडई आणि अंधार. तोलासाठी मेंदूकडे तीन ठिकाणांहून माहिती येते : कान, डोळे, आणि पायाचे तळवे नि सांधे. एक कान गेल्यावर मेंदू डोळ्यांवर फार विसंबून राहायला लागतो. लाइट गेली की डोळे गेले. मंडईत डोळे असतात पण समोरचं सगळंच हलत असतं, माणसं, गाड्या, टांगलेल्या पिशव्या, त्यामुळे डोळे चुकीचं सांगतात. म्हणजे तुमच्या मेंदूला शिकवायचंय ते हे, की बाई डोळ्यांवर एवढं जाऊ नकोस, उजवा कान चांगला आहे त्याचं ऐक.

इथे तुमच्या बहिणीचा बोर्ड कामाचा आहे. बोर्डवर पायाखालचं सतत हलतं, तळव्यांवर विसंबता येत नाही, पाणी चकाकत असतं त्यामुळे खाली बघून उपयोग नसतो, मग मेंदूला उजव्या कानाकडे वळावंच लागतं. आम्ही क्लिनिकमध्ये फोमच्या गादीवर उभं करतो ते याच कारणासाठी. पण फोमवर माणूस उभा राहतो तो फक्त उभं राहण्यासाठी, सगळं लक्ष पायात, मान ताठ, खांदे वर. या ऑपरेशननंतर माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची मान अशीच लाकडासारखी झालेली असते, मागे बघायचं तर अख्खं शरीर वळवतात. मान हललीच नाही तर कानाकडून माहिती येत नाही आणि माहिती आली नाही तर मेंदू शिकणार कशावर? बोर्डवर हातात वल्हं असतं, ते एकदा उजवीकडे एकदा डावीकडे मारायचं असतं, कुठे जातोय ते बघायचं असतं, बहिणीशी बोलायचं असतं, आणि या सगळ्यात मान कधी सुटली ते कळतही नाही. शिवाय पडलं तर पाण्यात, हाडं मोडायची भीती नाही, त्यामुळे माणूस थोडं जास्त डुलायची हिंमत करतो. डुलल्याशिवाय तोल परत येत नाही हो, आधार धरून धरून चालण्यानं तो आहे तिथेच राहतो.

पण बोर्ड ही पुढची पायरी आहे, पहिली नाही. पहिली पायरी घरात. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवा, हातभर अंतरावर उभ्या राहा, अक्षरावरची नजर न हलवता मान डावी-उजवी हलवा, अक्षर पुसट होणार नाही एवढ्याच वेगानं, मिनिटभर. मग वर-खाली. हळूहळू वेग वाढवा. दिवसातून तीन ते पाच वेळा, सगळं मिळून वीसेक मिनिटं झाली पाहिजेत आणि महिना-दीड महिना नेमानं झाली पाहिजेत. थोडं गरगरेल, गरगरणं हाच त्यातला डोस आहे, थांबल्यावर थोड्या वेळात शांत होतं ना एवढंच बघायचं. दुसरं म्हणजे गोधडीची चौघडी करून ती भिंतीच्या कोपऱ्यात टाका, पुढ्यात खुर्ची ठेवा, त्यावर पाय जुळवून उभ्या राहा, आधी डोळे उघडे, मग मिटून. जमिनीवर डोळे मिटून अर्धा मिनिट आणि गोधडीवर निदान दहा-पंधरा सेकंद आधाराशिवाय जमायला लागलं की मग गोव्याचं तिकीट काढा. आणि अजून चक्करेच्या गोळ्या रोज चालू असतील तर डॉक्टरांना विचारा की त्या आता लागतात का, कारण त्यातल्या काही गोळ्या तोलाची यंत्रणाच मंद करतात, पहिल्या दिवसांत ते हवंच असतं पण महिनोन् महिने घेतल्या तर मेंदूचं शिकणं लांबतं. स्वतःहून बंद करू नका.

सर्जनना तीन गोष्टी विचारा. जखम पूर्ण भरली का, डोकं पाण्याखाली गेलेलं चालेल का. वाकल्यावर नाकातून किंवा घशात पाण्यासारखं पातळ काही येतं का, तसं येत असेल तर पॅडलबोर्ड राहू दे, आधी लगेच त्यांना दाखवा, मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असू शकतं. आणि तिसरं, चेहऱ्याची नस. तुम्ही लिहिलं नाहीये, पण या ऑपरेशननंतर काहींची त्या बाजूची पापणी पूर्ण मिटत नाही. तसं असेल तर खारं पाणी, वारा आणि वाळू त्या डोळ्याला फार त्रासाची, बाजूनं बंद असलेला चष्मा दोरी लावून घालायचा, थेंब जवळ ठेवायचे, आणि डोळा लाल असेल त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही.

आता तो धोका. जमिनीवर डोळे मिटले तरी पायाखाली फरशी असते. पाण्याखाली फरशी नाही, शरीराचं वजन जाणवत नाही, आणि आपल्या खाड्यांचं पाणी एवढं गढूळ की डोळ्यांनाही काही दिसत नाही. वर कुठे आणि खाली कुठे हे सांगायला उरतो फक्त कान. १८८२ साली विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं हार्वर्डमधून कर्णबधिर लोकांवर एक अभ्यास छापला होता, त्यातल्या बऱ्याच जणांना कितीही गरगर फिरवलं तरी चक्कर येत नव्हती, म्हणजे त्यांच्या तोलाचे कानही गेलेले होते, आणि त्यातल्या काहींनी सांगितलं होतं की पाण्यात डोकं गेलं की दिशाच कळत नाही, घाबरायला होतं. तुमचा एक कान शाबूत आहे त्यामुळे तुमची अवस्था तशी नाही, पण अजून सातच महिने झालेत आणि अचानक पडल्यावर क्षणभर गोंधळ होऊ शकतो, पट्टीच्या पोहणाऱ्यांचाही होतो. उलट पोहता येणारेच बेसावध असतात. म्हणून लाइफ जॅकेट घालायचंच, पायाला लीश (बोर्डला जोडणारी दोरी) आहे म्हणून जॅकेट नको असं कोणी म्हणालं तरी ऐकायचं नाही. उडी मारायची नाही, पडायचं तर आडवं, अंग पसरून, बोर्डापासून लांब. आणि पाण्याखाली गेल्यावर हातपाय झाडायचे नाहीत, तोंडानं थोडी हवा सोडायची, बुडबुडे जिकडे जातायत तिकडे वर, आणि तेवढ्यात जॅकेट तुम्हाला वर आणतंच.

हे आधी पुण्यातच करून बघा आणि यात मिस्टरांना घ्या. स्विमिंग पूलच्या उथळ बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, कठडा धरून, डोळे मिटून डोकं पाण्याखाली. मिस्टर शेजारी उभे. मग कठडा सोडून. मग पाण्याखाली अंग थोडं वळवून. घाबरायला होत नाही, वर येता येतं, असं दोघांनाही पटलं की त्यांचा विरोध बराचसा कमी होईल असं मला वाटतं, कारण त्यांनी ते स्वतः बघितलेलं असेल.

गोव्यात गेल्यावर पहिल्या दिवशी समुद्र नको. आश्वे-मांद्रे बाजूची खाडी किंवा शापोरा नदीचं शांत पात्र बघा, मुखापासून आत. ओहोटी लागलेली असताना खाडीत उतरू नका, पाणी मुखाकडे ओढून नेतं, भरतीची शेवटची वेळ चांगली. सकाळी लवकर जा, पाणी सपाट असतं. पण एक लक्षात ठेवा, शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना, ते इथे अगदी कामाचं आहे, सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, किनाऱ्यावरून बघताना पाणी छान शांत दिसतं आणि उभा माणूस बोर्डवर शिडासारखा ढकलला जातो. खाडीतही मुखाजवळ हे होतं. वारा ढकलतोय असं वाटलं की लगेच गुडघ्यांवर बसायचं, नाही जमलं तर पोटावर झोपून हातानं. जून ते सप्टेंबर तर विषयच नको.

बोर्ड रुंद मागा, ३२ ते ३४ इंच, लांबी साडेदहा फुटांच्या आसपास. आधी पोटावर झोपून, मग बसून, मग गुडघ्यांवर, आणि गुडघ्यांवर कंटाळा येईपर्यंत वल्हवायचं, मगच उभं राहायचं. दोन पायांत कमरेच्या रुंदीएवढं अंतर, बोर्ड उचलायचं हँडल मधोमध, गुडघे सैल. नजर पायाकडे नाही, पाण्याकडे पण नाही, समोरच्या काठावरच्या माडांकडे. वल्हं पाण्यात आहे तोवर ते आधार देतं, तोल जातोय असं वाटलं की लोक घाबरून वल्हं वर उचलतात, त्याऐवजी ते पाण्यात घालून ओढायचं, हे दहा वेळा सांगूनही पहिल्या दिवशी कोणी करत नाही, पण दुसऱ्या दिवशी करतात.

बहिणीनं कायम तुमच्या उजव्या हाताला राहायचं. एका कानानं आवाज येतो पण कुठून येतो ते कळत नाही, वॉटर स्कूटर किंवा जेटस्कीचा आवाज तुम्हाला ऐकू येईल पण कुठल्या बाजूची ते कळणार नाही, त्यामुळे जिथे जेटस्की आणि पॅरासेलिंगच्या बोटी चालतात तिथे जाऊच नका. हाका मारण्यावर राहू नका, वल्हं उभं धरलं की थांब, आडवं धरलं की बस, असं काहीतरी तुमचं तुम्ही ठरवून घ्या.

पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. संध्याकाळी खूप थकवा येईल, अंगापेक्षा डोकं जास्त थकलेलं असेल, जेवतानाही डुलल्यासारखं वाटेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच असेल तर एक दिवस सोडा आणि वेळ कमी करा. आणि हे आवडलं तर पुढे कधीतरी मुल्कीला जा, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, उडुपी आणि मंगळुरूच्या मध्ये. भारतात सर्फिंग शिकवायला सुरुवात झाली ती तिथल्या आश्रमातून, २००४ च्या सुमारास. तिथे शांभवी नदीचं सपाट पाणीही आहे आणि पलीकडे लाटाही, म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाणं सोपं.

प्रश्न : वय २३, कोल्हापूर, कबड्डी खेळतो. पाच महिन्यांपूर्वी एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं, त्याजागी हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीचा, ग्राफ्ट टाकलाय. चालणं, जिना, सायकल सगळं ओके आहे, दुखत नाही. २०२५ ला महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहालनं ब्राँझ घेतलं तेव्हापासून ग्रुपमध्ये सर्फिंगचं वेड आहे, डिसेंबरमध्ये सगळे गोव्याला चाललेत. मी सर्फिंग केलं तर बॅलन्ससाठी चांगलंच ना?

उत्तर : नाही रे बाबा, सर्फिंग नको. दुखत नाही हे ग्राफ्ट पिकल्याचं लक्षण नाही. ग्राफ्ट आत बसल्यावर त्याचं पुन्हा जिवंत लिगामेंटमध्ये रूपांतर व्हायला बराच काळ लागतो आणि तो काळ बाहेरून कळत नाही, तुम्हाला वाटतं पाय झाला बरा. सर्फिंगमध्ये पोटावरून एका झटक्यात उभं राहायचं असतं, पाय आडवे पडतात, गुडघा अंगाच्या वजनाखाली पिळला जातो, आणि अशाच पिळण्यात एसीएल तुटतो. पाय पिळणाऱ्या खेळांकडे परत जायचं तर निदान नऊ महिने, आणि नुसते महिने मोजून नाही, ऑपरेशनच्या पायाची मांडी दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी ताकदीची झाली पाहिजे, एका पायावरच्या उड्या दोन्हीकडे सारख्या आल्या पाहिजेत. कबड्डीलाही हाच नियम, तुझ्या कोचनं आधी बोलावलं तरी.

पण तुझा प्रश्न बॅलन्सचा आहे आणि तो बरोबर आहे. जुन्या एसीएलमध्ये सांधा किती वाकलाय ते सांगणाऱ्या नसांची टोकं होती, ती गेली, म्हणून गुडघ्याला स्वतःचा पत्ता नीट लागत नाही. सपाट पाण्यावरचं पॅडलबोर्डिंग तुला त्यासाठी उपयोगी आहे, सर्जन आणि फिजिओ दोघं हो म्हणाले तर. दोन अटी. गुडघाभर पाण्यात बोर्डवर चढ-उतर करायची नाही, तिथे पडलास तर पाय वाळूत रुततो आणि अंग फिरतं, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन चढ. आणि पडताना पाय बोर्डवर रोवून तोल वाचवायचा प्रयत्न करू नको, खेळाडूंना ती सवय असते, पडायला लागलास की पड. बाकी ग्रुप लाटांवर असेल आणि तू खाडीत, वाईट वाटेल मला माहितीये. पण ग्राफ्ट तुटून दुसरं ऑपरेशन झालेली मुलं मी बघितलीयेत आणि कबड्डीच्या मॅटवर परत यायचं असेल तर हा एक डिसेंबर सोड.

प्रश्न : आईचं वय ६८, रत्नागिरीला असते, वर्षभरापूर्वी दोन्ही गुडघे बदललेत. चालते पण घाबरत घाबरत. मी पॅडलबोर्ड घेतलाय, तिला शिकवू का?

उत्तर : आधी आईंना विचारा त्यांना हवंय का. पत्रात ते कुठे दिसलं नाही.

त्यांना हवं असेल तरी सुरुवात बोर्डवरून नको. या वयात अडचण बोर्डवर कमी आणि तिथे पोहोचण्यात जास्त असते, ओली वाळू, शेवाळलेला धक्का, लाटेचा पायाला बसणारा झटका, आणि बदललेल्या गुडघ्याजवळ हाड मोडलं तर ते प्रकरण फार किचकट होतं. गुडघ्यांवर बसणंही त्यांना नको वाटेल, सांध्याला त्यानं अपाय होतोच असं नाही पण पुढची कातडी बधिर असते आणि टोचतं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न लावता उठणं, आणि जमलं तर पूलमध्ये छातीएवढ्या पाण्यात चालणं, हे दोन-तीन महिने होऊ द्या. भीती यातच कमी होते. मग एखाद्या शांत सकाळी जॅकेट घालून त्यांना बोर्डवर पुढे बसवा, पाय सोडून, आणि तुम्ही मागे गुडघ्यांवर बसून वल्हवा. बसल्या बसल्याही तोलाचा व्यायाम होतो, कमरेचा आणि पाठीचा. उभं राहायचं की नाही ते त्या ठरवतील.

प्रश्न : सिडनीत असतो, वय ५२, मूळचा ठाण्याचा. अडीच वर्षांपूर्वी उजव्या बाजूच्या अकूस्टिक न्यूरोमाचं ऑपरेशन झालं. उजव्या कानानं ऐकू येत नाही. वर्षभर पॅडलबोर्डिंग करतोय, तोल चांगलाच सुधारला, अंधारातही चालतो. आता मुलं म्हणतात बाबा सर्फिंग शिका. आमच्या जवळचा बीच म्हणजे फ्रेशवॉटर, जिथे हवाईच्या ड्यूक काहानामोकूनं १९१४ च्या डिसेंबरमध्ये सर्फिंग करून दाखवलं होतं, त्यामुळे इथे हे न करणं म्हणजे काहीतरीच. मी सकाळी लवकर एकटा जाऊन प्रॅक्टिस करायचा विचार करतोय, लोकांसमोर पडायला नको. काय काळजी घेऊ?

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, पहिल्या पत्रातल्या ताईंनी हे वाचावं म्हणून मुद्दाम याच अंकात घेतलं.

तुम्ही सर्फिंगला तयार आहात असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. पण पॅडलबोर्डवर जे शिकलात त्यातलं बरंच तिथे पुरणार नाही. पॅडलबोर्डवर डोकं सरळ असतं आणि सगळं हळू होतं. सर्फिंगमध्ये पोटावर झोपून मान वर ताणलेली, मग मागे वळून येणारी लाट बघायची, लगेच पुढे बघायचं आणि एका दमात उठून उभं राहायचं, म्हणजे आडवं ते उभं, मागे ते पुढे, सगळं दोन सेकंदांत. एका कानाच्या माणसाला नेमकं हेच जड जातं. तर हे घरी चटईवर तुकड्यातुकड्यांनी करा. झोपून नुसतं मागे वळून बघणं, दोन्हीकडून, आणि उजवीकडून बघताना जास्त गरगरलं तर तेच जास्त वेळा. मग उठणं, आधी गुडघ्यांवर थांबून, मग एकदम. उठल्यावर नजर समोरच्या भिंतीवर एका खुणेवर, बोर्डच्या टोकाकडे नाही. चटईवर पाठोपाठ जमायला लागलं की पाण्यात.

पाण्यात आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड, कमरेएवढं पाणी, आणि फुटून गेलेल्या लाटेचा फेसच फक्त. न फुटलेल्या लाटांचा नाद इतक्यात नको. फेसाच्या लाटेत पडलात की अंग पाण्याखाली गरागरा फिरतं आणि वर-खालीचा गोंधळ तिथे सगळ्यात जास्त होतो. तुम्हाला पॅडलबोर्डवरून अलगद पाण्यात पडायची सवय आहे, हे तसं नसतं. हातांनी डोकं झाकून घ्या, लाट जाऊ द्या, आणि पायाला बांधलेली लीश कुठे ओढतेय ते बघा. बोर्ड कायम वर तरंगतो, लीश त्या दिशेलाच ओढते, त्यामुळे कान काही सांगो, लीश खरं सांगते. हाताला लागली तर धरून वर या.

दुसरी गोष्ट तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल, थंड पाण्याची. ऑपरेशनआधी तुमच्या कानात थंड-गरम पाणी किंवा हवा सोडून डोळ्यांची हालचाल बघितली असेल, ती कॅलोरिक टेस्ट. रॉबर्ट बारानी नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांना कान धुताना पेशंटला चक्कर येते हे दिसलं, पाणी थंड असेल तर डोळे एका बाजूला झटके देतात आणि गरम असेल तर दुसऱ्या, त्यावरून त्यांनी हे सगळं मांडलं आणि १९१४ चं नोबेल त्यांना त्या कामासाठी मिळालं. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की थंड समुद्राचं पाणी दोन्ही कानांत गेलं तर बाकीच्यांना दोन्हीकडून साधारण सारखाच धक्का बसतो आणि तो एकमेकांत मिटतो, तुम्हाला तो फक्त डाव्या कानातून बसणार. लाटेखाली असताना अचानक गरगरायला लागलं तर ते हे असू शकतं, थोड्या वेळात जातं, घाबरू नका. सिडनीचं पाणी हिवाळ्यात १८ अंशांच्या आसपास उतरतं, तेव्हा कान झाकणारी निओप्रीनची टोपी घाला. डाव्या कानात प्लग घालायचा तर सर्फिंगसाठी मिळतात ते, ज्यातून आवाज आत येतो पण पाणी येत नाही, कारण साधा प्लग घातलात तर ऐकायला काहीच उरत नाही. आणि वर्षानुवर्षं थंड पाण्यात राहिल्यानं कानाच्या नळीत हाड वाढतं, सर्फर लोकांमध्ये ते नेहमीचं आहे, तुमच्याकडे ऐकायला एकच कान आहे तेव्हा प्लगची सवय आत्तापासूनच लावून घ्या.

एकटं जायचं मात्र काढून टाका. सर्फबोर्ड घेऊन तुम्हाला लाल-पिवळ्या झेंड्यांच्या बाहेर जावं लागणार, म्हणजे लाइफगार्डची नजर जिथे सगळ्यात जास्त असते त्या पट्ट्याच्या बाहेर, आणि पहाटे तर ते झेंडेही लागलेले नसतात. उजवीकडून कोणी सर्फर ओरडत आला तर तुम्हाला कळणार नाही. मुलांना बरोबर घ्या, त्यांना डाव्या हाताला ठेवा, आणि पडताना लोक बघतात याचं मनावर घेऊ नका, त्या बीचवर शिकणारे सगळेच पडत असतात. गेल्या गेल्या टॉवरवरच्या लाइफगार्डला सांगून ठेवा की उजव्या कानानं ऐकू येत नाही, काही सांगायचं असेल तर हातानं खूण करा.